डाग लागला की चिकटला?

गळीत हंगाम संपला की आमच्या कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट विभागाला जरा उसंत मिळते. सहा महिने पाळ्या करत प्रेशर गेज आणि कंट्रोल व्हॉल्व्ह सांभाळायचे, आणि शेवटचा ऊस गाळून झाला की घरी येऊन माळ्यावरचा लाकडी पाट खाली काढायचा, हे माझं दरवर्षीचं. त्या पाटावर माझं रेडिओचं काम चालतं.

यंदा सुट्टीतले तीन आठवडे एका दोषात गेले. चाळीस मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) माझा घरी बांधलेला हॅम रेडिओ सेट, म्हणजे ऐकायचा आणि बोलायचाही हौशी रेडिओ, चालू केला की पहिली पाच मिनिटं झकास चालायचा, मग हळूहळू पॉवर उतरायची. डमी लोडवर २२ व्होल्ट दिसायचे ते १४ वर येऊन थांबायचे. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर. मी तो एक किलोओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडून केलाय. अर्ध्या अर्ध्या वॉटचे आहेत, म्हणजे सगळे मिळून १० वॉट सोसतात. त्यावर एक डायोड आणि एक कपॅसिटर लावायचा, मल्टिमीटरवर येणाऱ्या व्होल्टचा वर्ग करायचा आणि १०० ने भागायचं. २२ चा वर्ग ४८४, म्हणजे पावणेपाच वॉटच्या थोडं वर. १४ चा वर्ग १९६, म्हणजे दोन वॉटसुद्धा नाहीत. निम्म्याहून जास्त पॉवर कुठेतरी गळत होती.

संशय अर्थातच आउटपुटच्या आयआरएफ ५१० या ट्रान्झिस्टरवर गेला. तापतो तोच, त्यामुळे बदनाम तोच. एकदा बदलला, दोनदा बदलला, तिसऱ्यांदा बदलला. त्याचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला, म्हणजे त्याच्या तीन पायांपैकी एकाला, जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक आणि त्याच्यामध्ये अभ्रकाचा वायसर आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश हवंच. दर वेळी ते सगळं उचकटायचं, पेस्ट पुसायची, नवी लावायची. फरक शून्य.

सेट बिटएक्स जातीचा आहे. हैदराबादचे अशर फरहान (हवेवरची त्यांची ओळख व्हीयू२ईएसई) यांचा तो आराखडा. तो त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या लोकांनी तो बांधला. त्यातली खुबी अशी, की ऐकताना सिग्नल ज्या टप्प्यांतून एका दिशेने जातो, बोलताना त्यातल्याच बऱ्याच टप्प्यांतून उलट्या दिशेने येतो. त्यामुळे सुटे भाग कमी, आणि तेही टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे मिळतील असे साधे. ऑसिलेटरच्या कॉइलसाठी तर त्यांनी नळाचा नायलॉनचा वायसर वापरला होता. परदेशी टोरॉइड (कॉइल गुंडाळायचं चुंबकीय कडं) मिळत नाही म्हणून अडून बसलेल्या आमच्यासारख्यांना त्या वायसरने केवढा धीर दिला! मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा उठून थेट हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो.

तर दोष. त्याच्याकडे येण्याआधी मिरजेच्या काकांबद्दल सांगायला हवं, कारण शेवटी त्यांचंच एक वाक्य कामाला आलं.

काकांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्ती केली. परवान्याच्या परीक्षेची तयारी मी त्यांच्याकडे केली. (ऐकायला कुणाची ना नाही, पण हॅम बँडवर प्रसारण करायचं तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. आधी परवाना, मग ट्रान्समीटर, हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही.) मी बांधलेला पहिला बोर्ड त्यांना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं, एकेक डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, पाहिला आणि म्हणाले, "अरे, हे डाग लागलेले नाहीत. नुसते चिकटलेत."

मी म्हटलं, "काका, हलवून बघा की, घट्ट आहेत."

"घट्ट असतील. फेविक्विकनेही घट्ट बसतं. कथिल धातूत मुरलं पाहिजे. तू कल्हईवाला बघितलायस ना?"

बघितला होता. आजीच्या दारात बसायचा. भाता मारून भांडं चांगलं तापवायचा, त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथिलाची कांडी तापलेल्या भांड्याला नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचा. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं.

"त्यानं तापवलं काय? भांडं. कथिल नाही. तू कथिल तापवतोस आणि तारेवर ओततोस."

मी अगदी तेच करत होतो. आयर्नच्या, म्हणजे डाग द्यायच्या तापत्या हत्याराच्या, टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि जोडावर नेऊन टेकवायचा. तोवर त्यातला फ्लक्स (धातू साफ करणारा पदार्थ) जळून गेलेला, तार गार, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) गार. थेंब वर गोल बसतो, अळवावरच्या पाण्यासारखा. खरा डाग तसा दिसत नाही. तो गरम भाकरीवर तूप पसरावं तसा पसरतो, कडा पातळ होत जाऊन धातूत मिसळतात, आणि आत तारेचा आकार दिसत राहतो. त्यासाठी टोक एकाच वेळी तारेला आणि पॅडला टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं, आणि सोल्डर समोरच्या बाजूने लावायचं, आयर्नला नाही. सोल्डर उष्णतेकडे आपोआप ओढलं जातं.

कल्हईतलं नवसागर मात्र इथे चालत नाही. ते, किंवा पत्र्याच्या कामाचं ॲसिड, मागे राहतं आणि सहा महिन्यांत तार हिरवी करून खाऊन टाकतं. रेडिओला राळच. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती असतेच. वरून लागलीच तर राळेचा खडा कुटून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचा आणि ब्रशने लावायचा. माझ्याकडे औषधाच्या जुन्या बाटलीत तो कायम भरलेला असतो.

आयर्नबद्दल मला नेहमी विचारलं जातं, किती वॉटचा घेऊ? मी विचारतो, टोक कसलं आहे? सुरुवातीला मी २५ वॉटच्या सोल्ड्रॉनवरच सगळं शिकलो आणि छोट्या बोर्डासाठी तो आजही माझ्या हातात असतो. पण घरचे रेडिओ आम्ही बरेचदा छापील बोर्डावर बांधत नाही. अखंड तांब्याचा कॉपर क्लॅड घेतो, त्याच बोर्डाचे चिंचोक्याएवढे तुकडे कापून त्यावर फेविक्विकने चिकटवतो आणि त्या बेटांवर भाग जोडतो. खालचं सगळं तांबं ग्राउंड. रेडिओ फ्रिक्वेन्सीला असं ग्राउंड फार मानवतं, सेट गुरगुरत नाही. पण त्या तांब्यावर डाग द्यायला गेलात की ते उष्णता सगळीकडे पसरवून टाकतं. तिथे सुईसारखं टोक घेऊन बसलात तर तापमान कितीही वाढवा, टोक टेकताक्षणी गार होतं. मग माणूस आणखी तापवतो, फ्लक्स जळतो, तांबं काळं पडतं, तुकडा खालून सुटून येतो. त्याला हवं जाड, चपटं, छिन्नीसारखं टोक, तीन मिलिमीटरचं. त्याच्या पोटात उष्णता साठलेली असते आणि ते पूर्ण अंगाने टेकतं. दोन सेकंदांत काम होतं. बारीक टोक म्हणजे नाजूक काम, हा समज निदान ग्राउंडच्या डागांसाठी तरी मनातून काढून टाका.

माझा दुसरा आयर्न पुण्याच्या जुन्या बाजारातला, वेलरचा, २४ व्होल्टचा. त्यात तापमान मोजणारं काही इलेक्ट्रॉनिक नाही. टोकाच्या बुडाशी एका खास मिश्रधातूचा तुकडा असतो. गार असताना तो चुंबकाला ओढून धरतो आणि स्विच चालू राहतो. ठराविक तापमानाला त्या धातूचं चुंबकत्व जातं, चुंबक सुटतो, स्विच बंद. थोडं गार झालं की पुन्हा ओढलं जातं. तापमान बदलायचं तर टोकच बदलायचं. त्याच्या बुडाला आकडा कोरलेला असतो, ७ म्हणजे ७०० अंश फॅरनहाइट, आपले ३७०. हातात धरला की मधूनच टक् असा आवाज येतो आणि हॅंडलमध्ये बारीकसा धक्का जाणवतो. मोठ्या डागावर तो टक् लवकर येतो, कारण टोक उष्णता देऊन गार झालेलं असतं. मी आता त्या आवाजावरून सांगू शकतो की समोरचं तांबं किती उष्णता पितंय.

टोकाला कानस लावू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. जुनी टोकं नुसत्या तांब्याची असायची. सोल्डरमधलं कथिल तांबं हळूहळू विरघळवतं, टोकाला खड्डे पडतात, म्हणून जुने मेकॅनिक कानशीने घासून नवं तोंड काढायचे. ते तेव्हा बरोबर होतं. आताच्या टोकांवर लोखंडाचा पातळ थर असतो. कानस मारली की तो गेला, आणि मग आतलं तांबं आठवडाभरात कथिलाच्या पोटात. ओल्या स्पंजला किंवा पितळी तारेच्या घासणीला पुसायचं, आणि बंद करताना पुसायचं नाही. टोकावर ताज्या सोल्डरचा गोळा ठेवूनच बंद करायचं. तीच त्याची कल्हई. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला गंज धरतो, उघडं ठेवलेलं टोक चार दिवसांत काळं ठिक्कर पडतं आणि मग सोल्डर त्याच्यावरून घरंगळतं.

सोल्डर मी ६३/३७ वापरतो, म्हणजे ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं. ते बरोबर १८३ अंशांना वितळतं आणि तिथेच गोठतं. ६०/४० मध्ये १८३ ते १९० च्या दरम्यान पिठल्यासारखी एक अवस्था येते. तेवढ्यात तार हलली की आत भेग पडते, तेच आपलं ड्राय सोल्डर. हात थरथरत असेल तर ६३/३७ च घ्या. शिसं आहे, काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. नाकात जातो तो धूर राळेचा असतो, तोही बरा नव्हे. मी बाजूला छोटा पंखा ठेवतो, धूर ओढून नेणारा.

आता तो दोष. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सेट चालू केला, पॉवर उतरू दिली, आणि उदबत्तीची काडी घेऊन एकेक भाग हलकेच दाबायला लागलो. बांबूची काडी वीज वाहत नाही आणि टोकाला बारीक असते, या कामाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. ड्रायव्हर, काही नाही. बायसचा प्रीसेट, काही नाही. आउटपुटच्या पुढे लो पास फिल्टर आहे. ७.१ मेगाहर्ट्झबरोबर निघणारे १४.२ आणि २१.३ चे नको ते सूर तिथे अडतात. त्यातल्या लाल टोरॉइडच्या, टी ५०-२ च्या, १६ वेढ्यांच्या कॉइलला काडी लागली आणि मीटर टुणकन १४ वरून २२ वर गेला. काडी काढली, १४. दाबली, २२.

तो जोड दिसायला देखणा होता. चकचकीत, गोल कडा नाही, काही नाही. जोड सलग असल्याची मल्टिमीटरची बीप आली होती, एकदा नाही, चार वेळा. मी तो सोडवला आणि भिंगाखाली धरला. तारेच्या टोकाला एका बाजूने कथिल लागलं होतं, नखाच्या चंद्राएवढं. बाकी सगळीकडे तारेवरचं तपकिरी एनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, जसंच्या तसं, आणि सोल्डर त्याच्याभोवती नुसतं टोपीसारखं बसलेलं. चिकटलेलं. सेट तापला की टोपी किंचित फुगायची आणि तो एवढासा स्पर्श सुटायला लागायचा.

कारण शोधायला वेळ लागला नाही. माझी पूर्वीची तार होती तिचं एनॅमल आयर्नच्या उष्णतेनेच वितळून जायचं, वेगळं खरवडावं लागायचं नाही. ती संपली म्हणून मी कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगच्या दुकानातून २४ गेजची तार आणली. दुकानदाराने पैसेही घेतले नाहीत, उरलेलं रीळ दिलं. पण मोटारीच्या वाइंडिंगचं एनॅमल तापायलाच बनवलेलं असतं, ते आयर्नला दाद देत नाही. तार चांगली, माझी सवय चुकीची. आता मी टोक ब्लेडने खरवडतो, पॉलिश पेपरच्या घडीत धरून फिरवतो, तांबं गुलाबी दिसलं की आधी नुसत्या तारेला कथिल चढवतो आणि भिंगाखाली चारी बाजूंनी फिरवून बघतो. मग बोर्डावर.

तो जोड नव्याने केला आणि सेट अर्धा तास डमी लोडवर दाबून ठेवला. २२, शेवटपर्यंत २२. रविवारी सकाळी अँटेना जोडली. नारळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेला २० मीटरचा तारेचा डायपोल आहे, मधोमध फीडर, म्हणजे सेटपर्यंत येणारी केबल. बंगळूरचे एक स्टेशन पहिल्याच हाकेला आलं. मी पॉवर सांगितली तेव्हा त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. मग सेट बांधलाय कशात, ते विचारलं. स्टीलच्या डब्यात, म्हटलं. झाकणावर अजून "रवा" लिहिलेलं आहे, ते बायकोने पुसू दिलं नाही.

काकांना संध्याकाळी फोन केला. त्यांना आता भिंगातूनही नीट दिसत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या रिळाची तार आणखी कुठे वापरलीस?"

तीन ठिकाणी. फिल्टरच्या दुसऱ्या कॉइलमध्ये, मायक्रोफोनच्या चोकमध्ये आणि रिसीव्हरच्या इनपुटला. तिन्ही आज चालतायत. उद्या सुट्टी आहे, तिन्ही सोडवणार.