मोजणीच्या निमित्तानं कळलेला 'एकर'

वडील गेल्यावर वारसनोंद झाली, पण बांधाचा वाद तसाच राहिला. शेवटी मी हद्दकायम मोजणीचा अर्ज केला. सातबारा जोडला, फी भरली, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. तारीख मिळायला तीन महिने लागले.

सातबाऱ्यावर क्षेत्र ० हेक्टर ८१ आर. आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. तात्या, म्हणजे माझे चुलते, मात्र सगळ्यांना सांगायचे, "दोन एकर हाय." हिशेब एकच, एकर म्हणजे ४०.४७ आर. पण हा एकर आला कुठून, हे मला त्या तीन महिन्यांत शोधावंसं वाटलं.

जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं शेत. माप नंतर झालं. बैलांच्या औतानं दिवसभरात जेवढं नांगरून होईल, तेवढा एकर. हे रान लांबट असायचं, ६६० फूट लांब आणि ६६ फूट रुंद, कारण औत वळवणं जिकिरीचं, म्हणून तास, म्हणजे नांगराची ओळ, जितकं लांब तितकं बरं. फर्लांग हा अंतराच्या मापाचा शब्दही या तासाच्या लांबीवरूनच आला. पुढे १६२० मध्ये एडमंड गुंटरनं ६६ फुटांची, शंभर कड्यांची मोजणीची साखळी केली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, तिच्या अर्ध्या लांबीचा. असे ४० झाले की एकर.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. ऋग्वेदात 'अज्र' आहे, मोकळं रान या अर्थानं. लॅटिनमधला 'अगेर', जर्मनमधला 'आकर' आणि इंग्रजांचा एकर, सगळी त्याचीच भावंडं. मुळाशी 'अज्', म्हणजे हाकणे. ज्याला मी परक्यांचं माप समजत होतो, तो शब्द घरचा निघाला.

मोजणीच्या दिवशी भूकरमापकांनी रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, लावून कोपरे काढले. पश्चिमेचा बांध आमच्याच बाजूनं शेजाऱ्यांच्या रानात चार फूट सरकलेला निघाला. मी गप्प झालो. तात्या बांधावर उकिडवे बसले, ढेकूळ हातात चुरत म्हणाले, "तितं आमी बैलं वळवायचो. औत फिरवायला जागा लागायची न्हवं का."

पंचनाम्यावर त्यांनीच आधी सही केली. मग पहार मागवली आणि नव्या खुणेचा दगड शेजाऱ्यांसोबत स्वतः रोवला.