कॅन्सरचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी

‘लक्ष्मणफळ खा, केमो विसरा’ असं कुणी व्हिडिओत सांगितलं तर बहुतेकांच्या मनात शंका येतेच. बायकांच्या कॅन्सरबाबत जास्त नुकसान करतात ते अर्धे खरे व्हिडिओ. त्यातलं एकेक वाक्य तपासलं तर बरोबर निघतं, पण नेमकी एक माहिती गाळलेली असते आणि सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो. म्हणून व्हिडिओ पाहताना आधी शोधायचं ते हे, की यात काय सांगायचं राहिलं आहे?

नोव्हेंबर २०२४ मधलं उदाहरण घ्या. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकार परिषदेत पत्नीच्या चौथ्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल सांगितलं आणि बरं होण्याचं बरंचसं श्रेय लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, साखर बंद आणि दोन जेवणांतलं मोठं अंतर यांना दिलं. ती क्लिप देशभर फिरली. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही झाली होती. शेवटी टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना पत्रक काढावं लागलं, की या पदार्थांनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, त्यांच्या भरवशावर उपचार लांबवू नका. आहार उपचारांच्या जोडीला होता, असा खुलासा सिद्धूंनीही नंतर केला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकललेल्या क्लिपमध्ये तो खुलासा नसतो.

‘मी कशी बरी झाले’ छापाच्या प्रत्येक व्हिडिओला चार प्रश्न विचारावेत. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्यावर, कोणता प्रकार आला? टप्पा कोणता होता? कोणते उपचार, कोणत्या क्रमाने झाले? आणि उपचार संपून किती वर्षं झाली? स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (गाठ स्त्री-संप्रेरकांवर वाढते का) आणि हर-टू (या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) हे तीन अहवाल आल्याशिवाय औषध ठरत नाही. ईआर पॉझिटिव्ह बाईला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची रोज एक गोळी ५ ते १० वर्षं घ्यावी लागते. ‘औषधं बंद करून फक्त आहारावर आहे’ असं सांगणारी बाई ही गोळी घेत असू शकते, कारण रोजच्या एवढ्याशा गोळीला ती उपचारात मोजतच नाही. दुसरी गल्लत ऑपरेशनची. सुरुवातीच्या टप्प्यात ऑपरेशननेच सगळी गाठ निघू शकते, त्यानंतरची केमो असते ती आजार उलटू नये म्हणून. कुणी ती केमो नाकारली, काढा घेतला आणि ठणठणीत राहिली, तर श्रेय काढ्याला जातं. ज्यांचा आजार उलटला त्यांचे व्हिडिओ आपल्यापर्यंत येत नाहीत.

‘सुई लावली की गाठ पसरते’ हा दावा याच जातीचा, आणि फार घातक. स्तनातल्या गाठीची सुईने केलेली बायोप्सी टाळली तर वर सांगितलेले तिन्ही अहवाल मिळणारच नाहीत, आणि उपचार अंदाजाने करावे लागतील.

आता अवयवांची सरमिसळ. ‘पिशवीचा कॅन्सर’ या एकाच मथळ्याखाली गर्भाशयमुख, गर्भाशयाचं अस्तर आणि बीजांडकोश असे तीन निरनिराळे आजार कोंबलेले असतात. कारणं वेगळी, वयं वेगळी, तपासण्याही वेगळ्या. एचपीव्ही या विषाणूवरची लस आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी तपासणं) यांचा संबंध यातल्या फक्त गर्भाशयमुखाशी आहे. अस्तराच्या कॅन्सरची मुख्य खूण म्हणजे पाळी कायमची गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त, मग तो एक डाग का असेना. त्यासाठी सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात आणि गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासतात. पॅप नॉर्मल आला म्हणून अशी बाई निर्धास्त राहिली, तर व्हिडिओने तिचा घात केला असंच म्हणावं लागेल.

बीजांडकोशाच्या बाबतीत तर व्हिडिओंमुळे विनाकारण रक्त तपासणं फार वाढलं आहे. ‘प्रत्येक बाईने वर्षातून एकदा सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करावी’ हे वाक्य ऐकू आलं की तिथेच व्हिडिओ थांबवावा. या तपासणीत साधारण ३५ पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. पण पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), यकृताच्या आजारात तो वाढतो. पोटाच्या क्षयरोगात तर तो कित्येक शेकड्यांत जाऊ शकतो, आणि क्षयरोग आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. उलट बाजूने पाहिलं तर बीजांडकोशाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला असलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांत आकडा नॉर्मलच येतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून अधिक बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी तपासणी केली, काहींची नाही. २०२१ साली निष्कर्ष आला तेव्हा तपासणी केलेल्या गटातले मृत्यू कमी झालेले नव्हते. बीजांडकोशात गाठ आधीच सापडली असेल, किंवा उपचार चालू असताना आजार कुठवर आला ते पाहायचं असेल, तिथे हीच तपासणी फार उपयोगी पडते. आई-बहिणीला हा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर मार्ग वेगळा: आधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला, मग बीआरसीए या जनुकांची तपासणी. तक्रार नसलेल्या बाकीच्या बायकांनी पॅकेजवाल्यांना पैसे देण्यापेक्षा लक्षणांकडे पाहावं. पोट फुगलेलं राहणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे टिकलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन सोनोग्राफी करावी.

भीती घालणारे व्हिडिओही तितकेच वाईट. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सरची सुरुवात, असं ठणकावून सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते नेहमीचंच असतं किंवा जंतुसंसर्ग असतो. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, रक्तमिश्रित घाण वासाचा स्राव, ही लक्षणं वेगळी, तिथे वेळ घालवू नये. पण नुसत्या पांढऱ्यासाठी ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला किती महागात पडतो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची प्रकरणं गाजली ती यामुळेच. साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण बायकांना कॅन्सरची भीती दाखवून गर्भाशय काढल्याचं समोर आलं. सोबत बीजांडकोशही काढले तर पाळी एकदम जाते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, हे अशा व्हिडिओत कुणी सांगत नाही.

खेदाची गोष्ट अशी की गर्भाशयमुखाच्या तपासणीवरचं जगभर दखल घेतलेलं काम आपल्याच मातीत झालं आहे, आणि तरी मराठी व्हिडिओंत पॅपपलीकडे फारसं काही ऐकू येत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने व्हीआयए ही साधी तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून करून घेतली. ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल कापसाने गर्भाशयमुखावर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि उजेडात पाहायचं. पांढरा, कडा स्पष्ट असलेला चट्टा उमटला तर पुढची तपासणी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांच्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, ते २००९ मध्ये छापून आलं. व्हीआयएचा व्हिडिओ चांगला की वाईट हे ओळखायची सोपी खूण सांगते: चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलेलं हवं. आणि स्वयंपाकघरातलं व्हिनेगर वापरून हे घरी करायचं नसतं, हेही.

लसीबद्दल थोडक्यात. व्हिडिओची तारीख आधी पाहा. ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ पासून पुढे तीन डोस ही नेहमीची पद्धत. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २० वर्षांपर्यंत एक डोसही चालेल असं म्हटलं. त्याआधीच्या व्हिडिओत हे असणार नाही. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ही लस एचपीव्हीच्या चार प्रकारांवर चालते, त्यातले १६ आणि १८ हे दोन गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात. उरलेल्या ३० टक्क्यांसाठी लस घेतलेल्या बाईनेही पुढे तपासणी करायची असते. लसीने वंध्यत्व येतं, याला पुरावा नाही.

बोलणारी व्यक्ती कोण, हे दोन मिनिटांत कळतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव घालून नोंदणी पाहता येते. नोंदणी आहे म्हणजे एवढंच, की व्यक्ती डॉक्टर आहे. कॅन्सरसाठी पुढची पदवी पाहावी: औषधोपचाराला मेडिकल ऑन्कॉलॉजीतली डीएम, शस्त्रक्रियेला सर्जिकल ऑन्कॉलॉजीतली एमसीएच, किरणोपचाराला रेडिएशन ऑन्कॉलॉजीतली एमडी. काही व्हिडिओंखाली यूट्यूब माहितीची पट्टी दाखवतं, की हा चॅनल परवानाधारक डॉक्टरचा किंवा रुग्णालयाचा आहे. ती चॅनल कुणाचा ते सांगते, प्रत्येक वाक्य तपासल्याची हमी देत नाही. वर्णनात औषधासाठी मोबाइल नंबर दिला असेल तर पुढे पाहूच नये. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मना आहे. असा व्हिडिओ ‘रिपोर्ट’ करून ‘चुकीची माहिती’ हे कारण निवडावं. लसूण खाऊन कॅन्सर बरा होतो, किंवा किरणोपचाराऐवजी व्हिटॅमिन सी घ्या, असं सांगणारे व्हिडिओ काढून टाकण्याचं धोरण यूट्यूबने ऑगस्ट २०२३ मध्येच जाहीर केलं आहे.

आरोग्यविषयक माहितीची प्रत मोजायला संशोधक डिस्कर्न नावाची १६ प्रश्नांची पट्टी वापरतात. त्यातले तीन प्रश्न घरी प्रत्येकीला वापरता येतील. उपचाराचे धोके सांगितले का? उपचार केलाच नाही तर काय होईल ते सांगितलं का? जिथे डॉक्टरांनाही खात्री नाही ते कबूल केलं का?

घरात उपचार चालू असतील आणि व्हिडिओ पाहून काही सुरू केलेलं असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. रोजच्या भाजीतली हळद चालते. पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल टॅमॉक्सिफेनचा रक्तातला परिणामकारक अंश कमी करू शकतात. पपनसासारखी दिसणारी ग्रेपफ्रूट स्तनाच्या कॅन्सरवरच्या पॅल्बोसायक्लिब या औषधाबरोबर घेतली तर औषधाची रक्तातली पातळी वाढते. कागदावर काढ्याचं किंवा कॅप्सूलचं नाव, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून, एवढं लिहा आणि पुढच्या ओपीडीला फाइलच्या सर्वांत वर ठेवा. बाटली असेल तर तिच्या लेबलचा फोटोही काढून न्या.