कारवारचं बंदर लिस्बनमध्ये कसं हुकलं: लोंढा, मुरगाव, कारवार, हुबळी

'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह' ही घोषणा ऐकत आमची पिढी मोठी झाली. त्यातल्या कारवारला प्रत्यक्ष गेलेले ओळखीत किती, हे मोजायला घेतलं तर एका हाताची बोटंही पुरी झाली नाहीत. जे गेले ते गोकर्णाला जाताना जेवायला थांबलेले. मग डिसेंबरात मी आणि एक मित्र निघालो. निमित्त एका प्रश्नाचं होतं. धारवाड-हुबळीच्या कापसाला समुद्राचा जवळचा दरवाजा म्हणजे कारवार. खाडी खोल, समोर बेटांचा आडोसा, आणि इंग्रजांनी १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला तोही मुख्यतः या बंदरावर डोळा ठेवून. तरीही आगगाडी आणि धक्का मिळाला शेजारच्या पोर्तुगिजांच्या मुरगावला. असं का झालं?

कागदावरचं उत्तर एका तारखेत मिळतं: २६ डिसेंबर १८७८. त्या दिवशी लिस्बनमध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. इंग्रजांचा वकील रॉबर्ट मोरियर, पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हू. ठरलं ते असं: ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात उठवायची, मुरगावला बंदर बांधायचं आणि तिथून घाट चढून इंग्रजी हद्दीत हुबळीकडे लोहमार्ग न्यायचा. बदल्यात गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे. मिठागरांवर त्यांची देखरेख, अबकारीचे, म्हणजे दारूवरच्या कराचे, दर त्यांच्या दरांशी जुळते, आणि पोर्तुगीज सरकारला भरपाई म्हणून वर्षाला ४ लाख रुपये. मुदत बारा वर्षं. अंमल १८८० च्या जानेवारीत सुरू झाला.

माझं मत विचाराल तर बंदर हे या करारातलं गाजर होतं, इंग्रजांना खरं हवं होतं ते मीठ. गोव्याचं स्वस्त मीठ घाटवाटांनी चोरून वर चढायचं आणि इंग्रजांच्या मिठावरच्या कराला गळती लागायची. घाटमाथ्यावर पहारे बसवून ती थांबेना, म्हणून त्यांनी उगमच ताब्यात घेतला. त्यात १८७६-७८ च्या दुष्काळात धारवाड-कलादगीकडे धान्य वेळेवर पोचवता आलं नव्हतं, त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात रेल्वे हवी हा आग्रह आधीच वाढलेला. पोर्तुगालची तिजोरी रिकामी होती. अशा वेळी कारवार-हुबळी मार्गाचा जो बेत चालला होता तो बाजूला पडला.

आता प्रवासाचं.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी रात्रीत बेळगाव गाठावं आणि सकाळी लोंढ्याला यावं. घाट उजेडात बघायचा असेल तर गाडी निवडण्यातच सगळं आहे. निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्सप्रेस रात्रीच्या अंधारात घाट उतरते, म्हणजे पैसे वाया. तीच गाडी वास्कोहून परत जाताना दुपारी चढते, ती चालेल. हावड्याहून येणारी अमरावती एक्सप्रेस रोज नसते, पण ती दिवसा उतरते, आम्ही तीच धरली. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा. आणि ही गाडी दीड-दोन हजार किलोमीटर तोडून येते, तेव्हा लोंढ्यावर तास-दोन तास काढायची तयारी ठेवा.

कॅसलरॉकला गाडी प्रवाशांसाठी कमी आणि ब्रेकसाठी जास्त थांबते. पुढे १:३७ चा उतार आहे, म्हणजे ३७ मीटर चाललात की एक मीटर खाली. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर उतार. फलाटावर उतरून मागे चालत गेलो. एक कर्मचारी डब्याखाली वाकून एकेका चाकापाशी ब्रेक बघत होते. 'काका, किती वेळ थांबेल?' म्हटलं, तर वर न बघता म्हणाले, 'माझं झालं की.' चहा हातात पडेपर्यंत त्यांचं झालंही. इथे खायला मिळेल या भरवशावर राहू नका. डबा लोंढ्यातच भरून घ्या. आमच्या मित्राने 'घाटात वडे मिळतील' म्हणून काहीच घेतलं नव्हतं, ते महाशय वास्कोपर्यंत माझी चपाती-भाजी खात आले.

हे स्टेशन म्हणजे इंग्रजी मुलखाचं टोक. इथून खाली कुळ्यापर्यंतचा मार्ग आणि पुढे समुद्रापर्यंतचे रूळ एका लंडनच्या कंपनीने टाकले. नाव लांबलचक, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे, भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे जमीन गोव्याची, हमी लिस्बनची, भांडवल लंडनचं आणि माल धारवाडचा. मुरगाव ते सावर्डे हा टप्पा १८८७ च्या जानेवारीत सुरू झाला, घाटाचा १८८८ च्या फेब्रुवारीत. सगळा मिळून सुमारे ८२ किलोमीटर, मीटरगेज. ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

मग बोगदे सुरू झाले आणि आमच्या डब्यात लहान पोरांनी प्रत्येक बोगद्यात ओरडायचा कार्यक्रम धरला. गरम ब्रेकचा करपट वास खिडकीतून आत येत होता. दूधसागरच्या पुलावर गाडी अगदी सावकाश चालते. डिसेंबरात धबधबा पांढऱ्या दोऱ्यांइतकाच उरतो, धो-धो बघायचा तर पावसाळ्यात या, पण मग धुक्यात काहीच न दिसण्याची तयारी ठेवा. एक गोष्ट कळकळीने: मध्येच उतरून रुळांवरून चालत धबधब्याला जायचा बेत करू नका. ते बेकायदा आहे, पकडलं तर दंड होतो, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा नसते. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर कुळ्याहून जीप आहेत, पावसाळ्यात त्या बंद असतात.

कुळ्याला आता पाच मिनिटं थांबून गाडी सुटते. करार चालू होता तोवर इथे जकात नव्हती. इंग्रजांनी तो पुढे वाढवला नाही, १८९२ च्या जानेवारीत तो संपला, आणि त्यानंतर वर कॅसलरॉकला इंग्रजांची आणि खाली कुळ्याला पोर्तुगिजांची झडती असा दुहेरी जाच प्रवाशांच्या वाट्याला आला. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केली तेव्हा गाडीच बंद पडली, ती मुक्तीनंतर पुन्हा धावली. माझ्या समोरच्या बाकावर कुडचड्याच्या एक आजी होत्या. त्यांना हे सांगायला गेलो तर म्हणाल्या, 'आमच्या सासूबाई सांगायच्या, लुगड्याच्या घड्याही उलगडून बघत.' माझा सगळा अभ्यास त्या एका वाक्यापुढे फिका पडला.

वास्कोला मुक्काम करा, स्टेशनजवळ साधी लॉज पुष्कळ आहेत. बंदराच्या आत असंच जाता येत नाही आणि फाटकापाशी कॅमेरा काढू नका. बघायचं ते सडा पठारावरून. तिथल्या जपानी गार्डनच्या टोकाशी उभं राहिलं की या जागेचं मर्म कळतं: डोंगराचं नाक समुद्रात घुसलंय, नैर्ऋत्येचा पावसाळी वारा त्याच्यावर आपटतो आणि मागचं पाणी शांत राहतं. ही हुशारी काही मोरियरच्या काळातली नव्हे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांची फौज पोर्तुगिजांच्या राजधानीजवळच्या जुवे बेटावर उतरली, तेव्हा हादरलेल्या व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होरने राजधानीच मुरगावला हलवायचं मनावर घेतलं होतं. ते काम रेंगाळत रेंगाळत सुटलं. १६२४ पासूनच्या किल्ल्याचे जे अवशेष उरलेत ते झाडोऱ्यात हरवलेत, फार अपेक्षा नको. याच नांगरवाड्यात ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या हौशी इंग्रज शिपायांनी एहरेनफेल्स या जर्मन जहाजावर छापा घातला होता, पोर्तुगाल तटस्थ असताना. खाली कोळशाचे ढीग दिसतात. त्या धुळीबद्दल वास्कोकरांची तक्रार जुनी आहे, खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवा म्हणजे कळेल.

पण ज्या कापसासाठी एवढा खटाटोप, तो मुरगावला कितीसा आला? १८९० च्या सुमारास पुणे-लोंढा मार्ग पुरा झाला आणि दक्षिणेचा माल सरळ मुंबईची वाट धरू लागला. म्हणजे इंग्रजांच्या एका हाताने गोव्याशी करार केला आणि दुसऱ्या हाताने त्यातला दम काढला. पोर्तुगाल हमीचं व्याज भरत बसला, १९०२ मध्ये गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. मुरगावला बरे दिवस आले ते विसाव्या शतकात, खनिजामुळे. इकडे मिठावरच्या बंधनांनी मिठागरवाले आणि अबकारीने रेंदेर, म्हणजे माडाची ताडी काढणारे, भरडले गेले ते गेलेच. गंमत म्हणजे याच मोरियर-कोर्व्हू जोडीने १८७९ च्या मे महिन्यात आफ्रिकेतल्या पोर्तुगिजांच्या लोरेन्सू मार्किश (आजचं मापुतो) बंदरासाठी अगदी हाच नुस्खा वापरला, बंदर आणि तिथून आत ट्रान्सवाल मुलखाकडे रेल्वे. ते बंदर ज्या उपसागरावर आहे त्याच्या मालकीचा इंग्लंड-पोर्तुगाल वाद चारच वर्षांपूर्वी फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमाहोन यांनी पोर्तुगालच्या बाजूने निकालात काढला होता. तिथे मात्र लिस्बनमध्ये एवढा गदारोळ झाला की तो करार कधी लागूच झाला नाही. गोवेकरांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मडगावहून कारवार. कोकण रेल्वेचं स्टेशन गावात नाही, शिरवाडला आहे. रिक्षावाल्याशी आधीच बोलून घ्या. आम्ही बसने गेलो आणि ते बरं झालं, कारण पोळे गावापाशी गोव्याची हद्द ओलांडून काळी नदीवर आलं की डावीकडे डोंगर, उजवीकडे सदाशिवगड आणि पुढे समुद्र असं एकदम उघडतं. जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला, वाहतूक नव्या पुलावरून चालते. सदाशिवगडावर फार चढ नाही. संध्याकाळी जा. बावीस वर्षांचे रवींद्रनाथ १८८३ मध्ये इथे न्यायाधीश भावाकडे राहिले होते, किनाऱ्याला नाव त्यांचंच आहे, आणि त्यावर चपळ ही जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. मुलं बरोबर असतील तर तासभर तिथे जातोच.

मी मात्र बैतकोलच्या धक्क्यावर रमलो. ट्रॉलरवर बर्फ चढत होता, हाकारे कोंकणीत, हिशेब कानडीत, शिव्या मराठीत. पाणी गडद, खोल. दक्षिणेला थोडं पुढे अर्ग्याला नौदलाचा कदंब तळ आहे, म्हणजे या खोल पाण्याची किंमत शेवटी कुणाला तरी कळली. तिकडे फोटो काढू नका, ओळखपत्र जवळ असू द्या.

परतीला रेल्वे सोडून मुद्दाम बस घेतली: कारवार, अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, हुबळी. हाच तो मार्ग, ज्यावरून कापसाची गाडी यायची होती. चार तास सांगतात, जास्त धरा, ट्रकांची रांग लागली की वळणावर बस नुसती धुगधुगत उभी राहते. बस लागणाऱ्यांनी पुढची जागा पकडावी. यल्लापूरला पंधरा मिनिटं मिळतात, तिथेच खाऊन घ्या. हुबळी-अंकोला रेल्वे मंजूर होऊनही दोन दशकांहून जास्त काळ लोटला, ती वनखात्याच्या परवानग्या आणि कोर्टकचेऱ्या यांत अडकलीय. कंडक्टरला विचारलं, इथून रेल्वे कधी होणार? त्याने तिकिटाची पट्टी फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, 'तोवर हे घ्या.'