इंग्रजी मेलमध्ये खरा घोळ कुठे होतो

इंग्रजी लिहायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना भीती स्पेलिंगची आणि ग्रामरची, पण स्पेलिंग तर आता फोनसुद्धा सुधारून देतो. खरा घोळ होतो तो सगळं शुद्ध लिहूनही समोरच्याला कळत नाही की कोणी काय करायचंय आणि कधी.

टीममधल्या नवीन मुलामुलींचे मेल बाहेर जायच्या आधी माझ्याकडे येतात. त्यात सगळ्यात जास्त दिसतं ते 'टिल'. आपण शुक्रवारपर्यंत सुट्टीवर असतो आणि रिपोर्टही शुक्रवारपर्यंतच देतो, मराठीत एकच 'पर्यंत' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत नाही चालत. सुट्टी 'टिल फ्रायडे', रिपोर्ट 'बाय फ्रायडे'. आणि तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नका प्लीज, 5/6 म्हणजे आपल्यासाठी 5 जून, अमेरिकेतल्या माणसासाठी 6 मे.

दुसरं म्हणजे कर्ता गाळणं. मराठीत 'पाठवेन उद्या' एवढं म्हटलं तरी क्रियापदावरूनच कळतं कोण पाठवणार, म्हणून आपल्याला 'मी' लिहायची सवयच नसते, पण इंग्रजीत 'विल बी सेंट टुमारो' लिहिलं की कोण पाठवणार ते कुणालाच माहीत नाही, मग दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट बघत बसतात. बऱ्याच जणांना 'आय' लिहिणं उद्धट वाटतं. अजिबात नाही, बिनधास्त लिहा 'आय विल सेंड'.

कॉमा किरकोळ वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातली ओकहर्स्ट डेअरीची केस बघा. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची कायद्यात एक लांबच लांब यादी होती, तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन', आणि 'शिपमेंट'नंतर कॉमा नाही. तो असता तर डिस्ट्रिब्युशन, म्हणजे माल पोचवणं, हे यादीतलं वेगळं काम ठरलं असतं. डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, यादीत डिस्ट्रिब्युशनसाठीचं पॅकिंग आहे, आम्ही तर पॅकिंग करत नाही, फक्त माल पोचवतो, म्हणजे आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा. 2017 मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरला तडजोड झाली! नंतर कायद्यात त्या यादीत सेमीकोलन घातले. मला विचाराल तर कॉमापेक्षा जास्त दोष एका वाक्यात इतकं सगळं कोंबण्याचा, आणि आपल्या मेलमध्येही नेमकं तेच होतं, म्हणून चार कामं सांगायची असतील तर मी चार वेगळ्या ओळी करायला लावते, प्रत्येक ओळीत नाव आणि तारीख.