हूकने पाहिलेली पेशी आणि शहाळ्याचे पाणी

हूकने नेमके काय शोधले आणि त्याचा शहाळ्याच्या पाण्याशी काय संबंध, असे तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. गुहागर-दापोलीकडच्या शाळांमध्ये विज्ञानावर बोलायला गेलो की मुले, आणि पुष्कळदा त्यांचे शिक्षकही, एक प्रश्न हमखास विचारतात: रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पेशी शोधली असे आम्ही शिकतो आणि त्याने पाहिलेल्या पेशी मृत होत्या असेही शिकतो, तर मग त्याने शोधले काय?

हूकने पेशीची भिंत शोधली, असे माझे उत्तर आहे. पेशी उमगायला त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे गेली. हूकने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तो बुचाचा पातळ काप होता. बूच ही ओकच्या एका जातीची साल असते आणि ती पक्की होताना आतले सजीव द्रव्य नाहीसे होऊन नुसत्या भिंती उरतात. चाकरमानी मुंबईला गेल्यावर कुलूप लागलेल्या घरासारखे ते कप्पे होते, त्यामुळे आत काय नांदत होते हे हूकला दिसणे शक्यच नव्हते. तरीही एका इंचात १०८० कप्पे बसतात, म्हणजे एका घन इंचात सुमारे १२६ कोटी, हा हिशेब त्याने मांडला, आणि सजीवांच्या सूक्ष्म रचनेला आकडा देण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते. पुढे डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातले हलते एकपेशीय जीव पाहिले, आणि १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींमधील ठळक गोल भागाला, म्हणजे पेशीचा कारभार चालवणाऱ्या भागाला, केंद्रक म्हणून ओळख दिली.

भिंतीच्या आत लगटून असलेले पेशीपटल, म्हणजे पेशीचे पातळ आवरण, मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसत नाही. त्याचे अस्तित्व त्याच्या कामावरून कळते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण भिंत मिठाला अडवत नाही, पटल मात्र पाण्याला वाट देते आणि मिठाला सहज आत घेत नाही. लाल कांद्याच्या पापुद्र्यावर दाट मिठाचे पाणी घातले तर रिक्तिका, म्हणजे पेशीतली रंगीत रसाने भरलेली पिशवी, आक्रसते, पेशीद्रव्य भिंतीपासून सुटून आत गोळा होते आणि भिंत जागच्या जागी राहते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यात तो रंग नसल्यामुळे हा बदल तितका स्पष्ट दिसत नाही. त्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब घातल्यास केंद्रके मात्र छान उठून दिसतात.

आता शहाळ्याकडे येतो, कारण बुचाच्या अगदी उलट स्थिती तिथे आहे. नारळाचे पाणी आणि खोबरे हा वाढत्या अंकुरासाठी साठवलेला भ्रूणपोष, म्हणजे बीतला अन्नसाठा, असतो. तो तयार होताना केंद्रकाचे विभाजन पुन्हा पुन्हा होते, पण मध्ये भिंती पडत नाहीत. म्हणून कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात असंख्य केंद्रके मोकळी असतात. नंतर कवचाच्या आतल्या बाजूने भिंती पडू लागतात, केंद्रके पेशींत बंदिस्त होतात आणि मलई धरते. बुचात भिंती आहेत पण जीव नाही, आणि या पाण्यात केंद्रके आहेत पण भिंती नाहीत. दोन्ही शेजारी ठेवली की भिंत म्हणजे पेशी नव्हे, हे मुलांना माझ्या कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर पटते.

याच प्रकारच्या दृश्याने एका मोठ्या शास्त्रज्ञाला चकवले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असे मांडले आणि पुढच्याच वर्षी श्वानने तेच प्राण्यांविषयी मांडले. पण नवी पेशी कशी जन्मते याचा विचार करताना श्लायडेनने बीजांडातील (पुढे बी होणाऱ्या भागातील) भ्रूणकोष, म्हणजे भ्रूण जिथे तयार होतो ती पिशवी, तपासला, जिथे आधी सुटी केंद्रके आणि मागाहून भिंती दिसतात. त्यावरून द्रवातच केंद्रक साकळते आणि त्याभोवती पेशी तयार होते, असा निष्कर्ष त्याने काढला. ती केंद्रके आधीच्याच केंद्रकाच्या विभाजनातून आलेली असतात, हे त्याला दिसले नाही. रेमाकने प्राण्यांच्या पेशी विभागताना पाहिल्या होत्या, आणि १८५५ मध्ये व्हिर्खोने प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते हे सूत्र ठामपणे मांडले. त्यानंतर श्लायडेनची कल्पना मागे पडली.

हे स्वतः पाहायचे असेल तर मलई नुकती धरू लागलेले कोवळे शहाळे घ्यावे, कारण जून नारळाच्या पाण्यात ही केंद्रके सहसा मिळत नाहीत. पाणी थोडा वेळ स्थिर ठेवून तळाचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात ॲसिटोकार्मिन हे केंद्रके लाल रंगवणारे द्रावण घालावे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके शोधावेत.