श्रीखंड आणि पोलीस

"आपण नियमात राहतो, आपल्याला पोलीस कशाला हात लावतील?" श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून काकांनी निकाल दिला. त्यांची कॉलेजातली लेक तावातावाने, "पोलीस खातंच बंद करा!" न्यू जर्सीतली रविवारची पंगत, दुसरं काय.

2015 मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये नातवासाठी आलेले गुजराती आजोबा फुटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला: किडकिडीत काळा माणूस फिरतोय. आजोबांना इंग्रजी येईना. पोलिसाने जमिनीवर आपटलं, अंग लुळं पडलं. खटला झाला, पोलीस सुटला.

पंगतीत मी हे सांगितलं. काका म्हणाले, "अपवाद." लेक म्हणाली, "बघा!" आजोबा दोघांनाही फक्त मुद्द्यापुरते हवे होते.

फोन घेणाऱ्याने "तो करतोय काय नेमकं?" हे खोदून विचारायला नको का, एवढं साधं बोलायला कुणीच कसं तयार नाही?