45 टक्के मोकळी जागा, पण कुठली?

लेआऊटचा प्रस्ताव तपासायला आला की मी मजकूर बाजूला ठेवते आणि आधी नकाशा पसरते. हिरव्या रंगाचे तुकडे कुठे आहेत ते बघते, त्यांची मापं घेते. या वेळच्या प्रस्तावात 20 हेक्टर जमीन, 40 घरं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘45 टक्के मोकळी जागा’. म्हणजे 9 हेक्टर. ते 9 हेक्टर नकाशावर शोधायला गेले तर हाती आलं ते असं: सीमेलगतचा 10 मीटरचा पट्टा, उच्चदाब वीजवाहिनीखालची जागा, पावसाचं पाणी साठवायचा खड्डा आणि रस्ते वळवताना उरलेले तिकोने. प्लॉट आखून झाल्यावर जे उरलं ते हिरवं रंगवलं होतं.

हे मला मान्य नाही, आणि त्याचं कारण साध्या मापांत आहे. 100 बाय 100 मीटरचा एक हेक्टरचा चौरस घेतला तर त्याची कड 400 मीटर भरते. तेवढीच जमीन 10 मीटर रुंदीच्या पट्ट्यात बसवली तर कड 2 किलोमीटरच्या वर जाते. क्षेत्रफळ तेच, पण पट्ट्याला आतला भाग असा राहतच नाही. दोन्ही बाजूंनी तण शिरतं, घरांचे दिवे रात्रभर पडतात, कुत्री-मांजरं फिरतात. मागच्या अंगणातला कचरा कुंपणापलीकडे पडू लागतो आणि काही वर्षांत कुंपणच हातभर पुढे सरकतं. जमिनीवर घरटं करणारा पक्षी अशा जागी टिकणार कसा? म्हणून टक्क्यांच्या आधी माझा प्रश्न असतो, सगळ्यात मोठा सलग तुकडा केवढा आहे?

जागेवर जाणं मी कधीच टाळत नाही, आणि शक्यतो पावसानंतर जाते. नकाशात ‘पडीक’ म्हणून दाखवलेल्या सखल भागात लव्हाळ्यांची एक हिरवीगार रांग दिसली. पाणी कुठून वाहतं ते ती रांगच सांगत होती. प्रस्तावातला मुख्य रस्ता तिला बरोबर आडवा जात होता. वरच्या उतारावर जुन्या झाडांची दाट राई आहे. ती 11 प्लॉटमध्ये वाटून टाकली होती आणि टीप होती, ‘झाडे शक्यतो राखली जातील’. या ‘शक्यतो’वर विसंबून मी सही करणार नाही. झाडाची पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं मातीच्या वरच्या थरात असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरलेली असतात. त्यांच्यावर भराव टाकला किंवा यंत्रं फिरून माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर बांधकाम करणारे निघून गेलेले असतात.

खरं तर क्रमच उलटा हवा. अमेरिकी नियोजनकार रँडल अरेंट यांनी 1990 च्या दशकात तो चार पायऱ्यांत मांडला: आधी राखायची जमीन ठरवा, मग घरांच्या जागा, मग त्यांना जोडणारे रस्ते, आणि प्लॉटच्या रेषा सगळ्यात शेवटी. त्याच्याही आधी, 1960 च्या दशकात, लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग उतार, माती, पाणी, झाडं यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचत होते. या प्रस्तावावर मी तसंच केलं. घरं 40 च ठेवली, एकही कमी केलं नाही. प्लॉट 2000 ऐवजी 1200 चौरस मीटरचे केले, तर त्यांना 8 ऐवजी 4.8 हेक्टर लागले. प्लॉटची रुंदी घटली तसा रस्ताही आखूड झाला, 3 हेक्टरचा 2 वर आला. उरले 13.2 हेक्टर, म्हणजे 66 टक्के, आणि त्यात राई आणि ओढ्याचा काठ एका तुकड्यात. विकासकाचंही डांबर, गटारं आणि पाइप वाचतात, हे मी बैठकीत मुद्दाम सांगितलं.

छोट्या प्लॉटवर सांडपाण्याचं काय, हा आक्षेप आला, आणि तो रास्त आहे. शोषक्षेत्र, म्हणजे सेप्टिक टाकीतलं पाणी मुरवायची जागा, सामाईक जमिनीत, निचऱ्याच्या मातीत घेता येतं. पण मातीची चाचणी आधी व्हायला हवी, ती मी मागितली आहे. पावसाच्या पाण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावची 1970 च्या दशकातली ‘व्हिलेज होम्स’ वसाहत माझ्या डोळ्यांसमोर असते. तिथे पाइपांऐवजी उथळ, हिरवळीचे चर काढले आहेत, पाणी त्यातूनच वाहतं आणि मुरतं.

सगळ्यात जास्त वेळ मी मालकीच्या कलमावर घालवला. ‘मोकळी जागा रहिवासी संघाकडे राहील’ एवढंच लिहिलं होतं. पुढे संघाने तीच जागा विकायची ठरवली तर? न्यू जर्सीतलं रॅडबर्न 1929 मध्ये वसायला लागलं आणि मंदीत त्याची विकासक कंपनी बुडाली, वसाहत अर्धवटच राहिली. तरी घरांमधली सामाईक उद्यानं टिकली, कारण त्यांच्या देखभालीसाठी संघ आणि वर्गणी पहिल्यापासून घराच्या कागदपत्रांतच बांधलेली होती. इथेही तेच हवं: पुन्हा विभाजन नाही आणि बांधकाम नाही ही अट नोंदणीकृत दस्तात, आणि ती मोडली तर दाद मागण्याचा हक्क संघाबाहेरच्या एखाद्या संस्थेलाही.

प्रस्ताव मी फेटाळलेला नाही, दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे. अटींमध्ये पहिली अट कुंपणाची ठेवली: राईभोवती, मुळांच्या पसाऱ्याबाहेरून, पक्कं कुंपण उभं राहून त्याची पाहणी होईपर्यंत जागेवर एकही जेसीबी येणार नाही.